निजवलेला डोंगा

"कवडूमामा, म्हैस धुऊन राहिले का जी?"

मोटारसायकल न थांबवताच दुर्गेशने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तो तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पुढे निघून गेला. तेंदूपत्ता जिथे मोजून घेतात त्या फळीवर तो मुन्शी होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असल्यामुळे तो हसला की नाही ते दिसलं नाही, पण हसलाच असणार. भर दुपारी, सगळं गाव ओल्या जमिनीवर लोळत पडलेलं असताना, एक म्हातारा काठावर पालथ्या घातलेल्या निळ्या नावेवर बादल्यांनी पाणी ओततो आहे, हे बघून न हसणारा माणूस त्या गावात नव्हता.

कवडूने बादली खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि नावेच्या पोटावर एका ठरावीक जागी अंगठा दाबला. चटका बसला. एवढं पाणी ओतूनही बसला. पण त्याला चटक्याचं काही नव्हतं. अंगठ्याखालचं पोट आत गेलं होतं. फार नाही, पिकत आलेल्या पपईचं जावं तेवढंच. अंगठा उचलला तसं ते हळूच वर आलं आणि आतून 'कर्र' असा बारीक आवाज झाला.

"पाय बरं! पाय, कशी दबून राहिली," तो मोठ्याने म्हणाला. पण पाहायला होतं कोण? एक बगळा होता, तोही उडून गेला.

खरं दुखणं हेच होतं. पहाटे ही जागा दगडासारखी टणक असायची. ऊन चढलं की मऊ पडायची आणि दिवेलागणीला पुन्हा टणक. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाला, केशोरावला, त्याने दोनदा हाताला धरून इथे आणलं होतं, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. गोंदियाला खेटे घालून घालून ही फायबरची नाव केशोरावनेच गावात आणलेली. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की त्याला स्वतःबद्दल बोलल्यासारखं लागायचं. दोन्ही वेळा त्याने नावेच्या पोटावर बुक्क्या मारून टण् टण् वाजवून दाखवलं.

"कोठी दबते गा? माह्याच हाताले लागलं."

"आता नाई दबत. दुपारी दबते, पपईवानी. दुपारी चाल माह्यासंगं."

"ह्या उन्हात? कवडूभाऊ, नाव पाहाले जाऊन मीच आडवा झालो तं मले कोन पाहीन? फायबर होय ते! त्याले ना कीड लागत, ना ते सडत. साहेबानं सांगतलं, वीस साल टेन्शन नाई."

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला अजून आठवडा होता, पण ते उन्हाला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. आणि उद्यापासून पलीकडच्या जंगलात तेंदूपत्त्याची तोड सुरू होणार होती. गावातल्या बाया पहाटे ह्याच नावेतून तलाव ओलांडणार, दिवस वर येईपर्यंत पानं तोडणार आणि बाराच्या सुमारास पानांचे भारे घेऊन परत निघणार. म्हणजे जाताना नाव दगडासारखी आणि येताना, ओझं दुप्पट झालेलं असताना, पपईसारखी. त्या बायांमध्ये कवडूची बायको शामकला होती. हे सगळं त्याच्या डोक्यात गेले तीन दिवस घोंघावत होतं आणि त्याला धड जेवू देत नव्हतं, धड बसू देत नव्हतं.

एके काळी कवडूने काठावर उभं राहून नुसता हात वर केला तरी डोंगे पाण्यात जात नसत. ढिवरांच्या त्या वस्तीत वल्ह्यांचा, जाळ्यांचा, वाऱ्याचा जाणता तोच. त्याच्या शब्दाला किंमत होती. ती किंमत गेल्या उन्हाळ्यात गेली, आणि गेली ती त्याच्याच हाताने.

त्याचं असं झालं. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी. उन्हाळ्यात तो काठावर ठेवला तर लाकूड वाळतं आणि तडकतं. म्हणून हंगाम संपला की त्यात दगड भरतात आणि कमरेएवढ्या पाण्यात गाळावर बुडवून ठेवतात. मृगाचं पाणी पडलं की दगड काढून वर घेतात. ह्याला ते लोक डोंगा निजवणं म्हणतात. कवडूच्या आज्याने डोंगे निजवले, बापाने निजवले, त्याने स्वतः तर वस्तीतले सगळे निजवले. आता त्यातला एकच उरला होता, बापाबरोबर आंब्याच्या खोडातून त्याने कोरलेला. तेवढं जाड झाड आता कोणी देत नाही आणि दिलं तरी तोडू देत नाहीत. त्यामुळे हा गेला की डोंगा संपला, हे सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी नव्या नावेचा पहिला उन्हाळा आला. कवडूने तिच्यात दगड भरले आणि तिलाही डोंग्याच्या शेजारी निजवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालताना कोण कोणाला विचारतं? त्या साली पलीकडच्या जंगलात तोड नव्हती, तेव्हा नावेची कोणाला आठवणही झाली नाही. महिन्याभराने केशोराव काठावर आला तर नाव गायब! तो चोरीची तक्रार द्यायला थेट चिचगडच्या पोलीस ठाण्यात निघाला. दोन माणसं आजूबाजूच्या तलावांवर धाडली. एका जुन्या भांडणावरून पलीकडच्या गावच्या सोसायटीला फोनवर शिव्याही देऊन झाल्या. मग संध्याकाळी कवडू जंगलातून आला आणि शांतपणे म्हणाला, "चोरी कायची बाप्पा? नाव अठीच तं निजली हाये."

गाव पोट धरधरून हसलं. फायबरची नाव बुडवून ठेवली! अजूनही कोणाच्या घरी काही वस्तू सापडेनाशी झाली की पोरं म्हणायची, कवडूमामाने निजवली असेल. तो स्वतःही थोडा हसला होता. पण नाव वर काढल्यावर त्याने पाहिलं होतं, की दगडांनी तिच्या आतल्या चकचकीत कातडीवर ओरखडे काढले आहेत आणि त्यांच्या आसपास बारीक बारीक फोड आले आहेत. केशोरावने वरून रंग मारला आणि फोड दिसेनासे झाले.

आज नावेवर पाणी ओतून घरी आल्यावर, संध्याकाळी त्याने लेकीला फोन लावला. रुचिका नागपूरच्या पलीकडे फायबरच्या टाक्या आणि पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. मालाच्या पट्ट्या कापायच्या, काही भट्टीत तापवायच्या, काही थंड पेटीत गारठवायच्या आणि मग मशीनमध्ये घालून त्या किती जोराने वाकतात, किती जोराने तुटतात ते पाहायचं, हे तिचं काम. लेक दिवसभर वस्तू मोडते आणि तिला वर शाबासकी मिळते, ह्याची कवडूला फार गंमत वाटायची. आज मात्र त्याने गंमत केली नाही.

"रुचिका, तुमची ते फायबर उन्हानं मऊ होते का वो?"

"होते ना. काऊन बाबा?"

"अन् थंडं झाल्यावर परत कडक?"

"हो, परत कडक. बाबा, ते काय राहते, काचेचे धागे राहतेत अन् त्यायले धरून ठेवाले गोंद राहते. काचेले काई होत नाई, आपलं ऊन तिले काय करन? गोंद मऊ पडते. मंग जोर आला का वाकते, एक थर दुसऱ्या थराले सोडते. थंडीत उलटं. गारठवलेली पट्टी लवकर वाकत नाई, ऐकतच नाई, पन तुटली का एकदम कटकन जाते."

"अन् पान्यात राहिली असन तं?"

"पान्यात? किती दिस?"

"महिनाभर धर."

"वरची चमक फुटून आतमधी पानी शिरलं असन तं लय लवकर मऊ होते. कोरडी पट्टी जेवढी तपन सोसते तेवढी ओली नाई सोसत. आमी दोन्ही तोडून पाहिल्या हायेत." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "बाबा, तुमी निजवली होती तेच नाव ना?"

"नाई वो. असंच इचारलो."

"सावलीत ठेवा तिले. अन् तपली असन तवा वजन नोका घालू. मायले सांगा."

कवडूने फोन बंद केला. म्हणजे नाव नुसती उन्हाने मऊ पडत नव्हती. त्याच्या दगडांनी तिची कातडी फाडली होती आणि त्याच्या तलावाने तिच्यात पाणी भरलं होतं. ज्याला तो जपणूक समजला तेच तिला बाधलं होतं. त्याला वाईट वाटलं, आणि वाईटापेक्षा जास्त भीती वाटली.

शामकला पहाटेसाठी भाकरी बांधून ठेवत होती. तो तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"उद्या नावेत जाऊ नोको."

"मंग काय पोहत जाऊ?"

"पाळीपाळीनं जा. वळसा घालून."

"वळसा घालून जातपर्यंत दिवस डोक्यावर येते. पानं काय माह्यासाठी थांबतीन?" तिने गाठ आवळली. "मागल्या साली बोरिंगवर बाया मले काय म्हनत होत्या मालूम हाये ना? निजवन्याची बायको. आता औंदा काय म्हनून घेऊ? पपईवाल्याची?"

"रुचिकानं सांगतलं. गोंद मऊ होते म्हने."

"रुचिकानं नाव पाहिली का? तुमीच काईतरी सांगतले असान तिले." मग नवऱ्याचा चेहरा बघून ती जरा नरमली. "निजा आता. पिंजऱ्यातल्या उंदरावानी करून राहिले."

पहाटे बाया डोक्याला फडकी बांधून काठावर आल्या तेव्हा कवडू त्यांच्या आधी येऊन नावेत बसला होता. नाव सरळ करून पाण्यात लोटलेली, वल्हं त्याच्या मांडीवर आडवं. दर वेळी नाव तोच वल्हवायचा.

"चाला, भाऊजी," रुख्मा म्हणाली. ती शामकलाची जाऊ, तोंडाने फटकळ आणि मनाने त्याहून फटकळ.

"नाव नाई जाऊन राहिली आज."

"काऊन?"

"दुपारी मऊ पडते. भारे घेऊन येतान फाटन."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात निमाची काडी चावत केशोराव आला. त्याने काही न बोलता वाकून नावेच्या कडेवर बुक्की मारली. टण्. आत, तळावर मारली. टण्. पहाटेच्या गारव्यात तो आवाज पार दुसऱ्या काठापर्यंत गेला.

"ऐकलं का? आता ह्याच्यात मऊ काय हाये ते तूच सांग," केशोराव म्हणाला. आवाजात राग नव्हता, वैताग होता. "कवडूभाऊ, डोंग्याची गोष्ट तुले मालूम. नावेची आमाले पाहू दे."

कवडू उठला नाही. मग शामकला पाण्यात उतरली. नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता तिने त्याच्या मांडीवरचं वल्हं उचलून घेतलं.

"उतरा," ती म्हणाली.

तो उतरला. सहा बाया नावेत बसल्या, सातवी शामकला उभी राहून वल्हं मारू लागली. तीही ढिवराचीच लेक होती. नाव सरळ, सुरेख गेली. कवडू गुडघाभर पाण्यात उभा राहून त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिला.

त्यानंतरची सकाळ त्याने कशी काढली ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. घरी गेला आणि परत आला. फाटकं जाळं विणायला घेतलं, दोन गाठी मारल्या आणि फेकून दिलं. काठावरच्या दगडावर तळहात ठेवून बघितला, कोमट होता. थोड्या वेळाने ठेवला, ऊन होता. पुढच्या वेळी हात ठेववला नाही. पलीकडच्या काठावर झाड नव्हतं. पाणी आटून मागे हटलं होतं आणि चिखल टाळायचा तर नाव सपाट खडकावर ओढून ठेवावी लागते, हे त्याला माहीत होतं. त्या खडकावर उन्हात ती सकाळपासून शिजत असणार. कोणी तिच्यावर साधं फडकंही टाकलं नसणार.

अकराच्या सुमारास तो केशोरावच्या घरी गेला. केशोराव कूलरसमोर बनियनवर पडला होता.

"एक डाव चाल. पाळीवरून फटफटीनं जाऊ. तठी तुले हात लावून दाखवतो."

"कवडूभाऊ, मले बीपी हाये."

"बाया फसतीन गा!"

"काई नाई होत. पानी पे, अन् घरी जाऊन झोप." केशोराव उठून बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू नावेले निजवला ना मागल्या साली, तवापासून तुह्या मनात काईतरी बसून हाये. निकाल ते."

मनात बसलं होतं हे खरंच. कवडू बाहेर आला आणि चालता चालता त्याचे पाय आपोआप जांभळाच्या झाडाखालच्या कोपऱ्याकडे वळले. तिथे पाण्याखाली डोंगा निजला होता.

मृगाआधी डोंगा उठवायचा नाही. हे कोणी शिकवावं लागत नाही. महिनोन्महिने पाणी प्यालेलं लाकूड एकदम अशा उन्हात आलं तर वरून वाळतं, आतून ओलंच राहतं आणि मग स्वतःलाच फाडतं. कवडूने हे दुसऱ्यांच्या डोंग्यांचं होताना पाहिलं होतं. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पायाला डोंग्याची ओळखीची कड लागली. तिथूनच त्याने पलीकडे पाहिलं. खडकावर निळं काहीतरी चमकत होतं आणि त्याच्याभोवती रंगीत लुगडी हलत होती. भारे आणून टाकत होत्या बाया.

त्याने पहिला दगड काढला आणि काठाकडे फेकला. मग दुसरा. डोंगा एका टोकाने हलवून हलवून, आतलं पाणी हिंदकळवून त्याने तो वर आणला. उरलेलं पाणी डब्याने उपसलं. छाती भात्यासारखी हलत होती. डोंगा काळाभोर, बुळबुळीत, शेवाळाच्या वासाचा असा उन्हात आला आणि कवडूने त्यावर आपला ओला दुपट्टा जमेल तेवढा पसरला. मग वल्हं मारू लागला.

मधल्या पाण्यातून तो ओरडला, पण आवाज पोचला नाही. जवळ गेला तेव्हा भारे नावेत रचून झाले होते आणि चौघीजणी नावेला खांदे लावून तिला खडकावरून पाण्यात ढकलायच्या तयारीत होत्या.

"थांबा! हात काढा!"

"घ्या," रुख्मा म्हणाली. "आता डोंगा घेऊन आले. मृगाच्या आंधी! भाऊजी, तुमाले ऊन लागलं का जी?"

शामकलाचं तोंड उन्हाने लाल झालं होतं, आता आणखी लाल झालं. बायांसमोर नवऱ्याने हे काय चालवलंय, असं तिला झालं. ती तरातरा पुढे आली.

"काय पाह्यजे तुमाले? काय पाह्यजे सांगा एकडाव!"

"आंगठा ठेव," कवडू म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आतून. अठी. एकडाव आंगठा ठेव. मंग जाय नावेनं, मी काई नाई म्हनत."

कटकट जाऊ दे म्हणून ती वाकली. त्याने दाखवलेल्या जागी, भाऱ्याशेजारी, तिने अंगठा टेकवला आणि चटक्याने हात मागे घेतला. पुन्हा टेकवला. या वेळी दाबला. बाया बघत होत्या. शामकलाने अंगठा उचलला, मग त्याच जागी तळहात ठेवून अंगाचा भार दिला. 'कर्र' झालं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

शामकला सरळ उभी राहिली. नवऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. नावेत हात घालून आपला भारा उचलला, डोक्यावर घेतला आणि जाऊन डोंग्यात ठेवला.

मग रुख्माने अंगठा ठेवला. मग एकेकीने. आणि एकेकीने आपापला भारा काढला. रिकामी नाव खडकावरून ढकलताना मधेच एका दगडाच्या टोकावर आली आणि तिचं पोट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत गेलं, टोक सरलं तसं परत बाहेर आलं. भाऱ्यांसकट, सात जणींसकट मधल्या पाण्यात काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण ते पोट आत जाताना ज्यांनी पाहिलं त्यांना त्या दिवशी कोणी त्या नावेत बसवू शकलं नसतं.

डोंग्यात एका वेळी दोघी आणि त्यांचे भारे एवढंच मावायचं. कवडू खेपा मारू लागला. काठाला लागला की भारे उतरवायचे, डोंग्यावर पाणी मारायचं आणि परत फिरायचं. पण वरून आग बरसत होती आणि मारलेलं पाणी मधल्या पाण्यात पोचेपर्यंत वाळून जात होतं. दुसऱ्या खेपेला डोंग्याच्या नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, केसाएवढी रेघ दिसली. तिसऱ्या खेपेला ती वीतभर झाली. अन्नपूर्णा नावाची नवीन लग्न होऊन आलेली सून त्या खेपेला होती. ती ओंजळीने सारखी त्या रेघेवर पाणी घालत राहिली, जणू तिला कोणी तसं सांगितलं होतं.

शेवटच्या खेपेला शामकला एकटीच उरली होती. कवडूने रिकाम्या नावेला दोर बांधला आणि तिला मागे ओढत निघाला. तलावाच्या मधोमध 'फाट्' असा आवाज झाला. दोघांनीही मान वळवली नाही. कसला आवाज ते दोघांना ठाऊक होतं. पायाशी पाणी आलं तसा शामकलाने भाकरीचा रिकामा डबा घेतला आणि उपसू लागली.

"तुमी सांगतले होते," उपसता उपसता ती म्हणाली.

"मीच तं बिघडवलो तिले," कवडू म्हणाला. "माह्याच दगडानं."

"तेबी सांगा लागते का? मालूम हाये मले." ती उपसतच राहिली. "वल्हं मारा."

संध्याकाळी केशोराव आला. नाव दुपारपासून पाण्यात तरंगत होती आणि आता वाराही जरा निवला होता. बाया फळीवर पानांचे पुडे मोजून देऊन परत आलेल्या, तिथेच काठावर टेकल्या होत्या. केशोरावने तळावर बुक्की मारली. टण्.

"हे काय हाये मंग? कोठी फुटली? कोठी दबली?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "दिवसभर बायायले त्या डोंग्यातनं आनलं! एखादी बुडाली असती तं? उद्या सकाळी नाव जाईन. बस्स."

नाव टणक होती. कवडू दुपारी फेकलेले दगड शोधत काठाने वाकून चालत होता.

शामकला उठली आणि केशोरावसमोर जाऊन उभी राहिली.

"केशोरावभाऊ, उद्या दुपारी या. सकाळी नाई, दुपारी. आंगठा घेऊन या. तवावर आमी पाळीपाळीनं जातो."

"सगळ्या?" केशोरावने विचारलं.

"सगळ्या," रुख्मा म्हणाली. "अन् टोपी घालून या. ऊन लागन."

कोणीतरी हसलं, पण ते हसणं आज कवडूला लागलं नाही. पुन्हा एकदा नावेवर बुक्की मारण्यासाठी केशोरावने हात उचलला आणि न मारताच खिशात घातला.

जांभळाच्या कोपऱ्यात कवडूने डोंगा पाण्यात ढकलला. चीर आता नाकापासून मध्यापर्यंत गेली होती, तिच्यात बोट जात होतं. ती बुजवता येण्यासारखी नव्हती, हे त्याला आणि बायांनाही कळत होतं. मृग येईल, पाऊस पडेल, पण हा डोंगा पुन्हा उठायचा नाही. तरी त्याने तो नेहमीच्या जागी नेला, नेहमीच्या बाजूला नाक केलं. बापाने दाखवली होती ती बाजू.

शामकला लुगडं खोचून पाण्यात उतरली. हातात दगड होता. तिच्यामागे रुख्मा उतरली, मग अन्नपूर्णा, मग बाकीच्या. काठापासून डोंग्यापर्यंत त्या ओळीने उभ्या राहिल्या आणि एकीच्या हातातून दुसरीच्या हातात दगड येऊ लागले.

पण चिरेतून पाणी आत येत होतं. दगड पोचायच्या आधीच डोंगा हळूहळू खाली जायला लागला, आणि बघता बघता त्याच्या कडा पाण्याखाली गेल्या. आता त्याला दगडांची गरज नव्हती.

"धरा," शामकला म्हणाली आणि तिने हातातला दगड पुढे केला.

कवडूने तो घेतला. कमरेएवढ्या पाण्यात वाकून, आवाज होऊ न देता, डोंग्याच्या तळाशी ठेवला आणि दुसऱ्या दगडासाठी हात मागे केला.